सातवा धडा कुठल्या दुकानात आहे

खालापूर, रविवार

तीर्थरूप आबाजीमामा,

हर्षलाचा वाकून नमस्कार. मामींचा डोळा आता कसा आहे? थेंब वेळेवर घालत असाल (म्हणजे मामी घालत असतील आणि तुम्ही आठवण करत असाल). तुमच्या गुडघ्याबद्दल विचारत नाही. तो विषय तुम्हाला आवडतो आणि माझ्याकडे कागद थोडा आहे.

या महिन्यात आमच्या वाचन मंडळाने तुमचं भातशेतीवरचं ‘पोशीरचं भात’ घेतलं. छापील प्रती संपल्या आहेत, म्हणून ज्याने त्याने फोनवर ई-पुस्तक विकत घ्यावं असं ठरलं. तुमच्या शेजारच्या सोनुबाई हल्ली मुलाकडे खोपोलीला असतात, त्याही आल्या. कारण सातवा धडा. बियाणं कसं राखावं हे त्यांनी तुम्हाला शिकवलं, असं तुम्ही त्यात नाव घेऊन लिहिलं आहे. त्यांचं नाव छापलेली ही जगातली एकच जागा (रेशनकार्ड सोडून). तो धडा चार माणसांत वाचला जावा, एवढीच त्यांची इच्छा. तेवढ्यासाठी त्या सुनेचा, जागृतीचा, फोन घेऊन दोन गाड्या बदलून खालापूरला आल्या.

पुस्तक शोधणं हेच मुळात मोठं काम निघालं. एका दुकानात देवनागरीत नाव टाकलं की तुम्ही सापडता. दुसऱ्यात इंग्रजी अक्षरांतच सापडता. तिसऱ्यात ‘भात’ म्हटलं की पुलावाच्या चाळीस पाककृती समोर येतात (माझा भाऊ देवेश याने तेच पुस्तक घेतलं, चांगलं आहे म्हणतो). पुस्तकाला एक लांबलचक क्रमांक असतो, तो जुळवून घ्या, असं मी ग्रंथपाल या नात्याने सगळ्यांना सांगितलं होतं. एका दुकानाने तो दाखवला. दुसऱ्याने स्वतःचाच वेगळा क्रमांक लावला. तिसऱ्याने छापील प्रतीचा क्रमांक ई-पुस्तकाला चिकटवला. माझं शिक्षण तिथे संपलं.

गेल्या रविवारी बैठक झाली. मी म्हटलं, पान चाळीस काढा. फोनवर अक्षर जेवढं मोठं तेवढी पानं जास्त, हे मी विसरले होते. सोनुबाईंची अक्षरं बोराएवढी, त्यामुळे त्यांचं पुस्तक नऊशे पानांचं. नम्रताचं दीडशेचं (ही तलाठी कार्यालयात असते, तिला बारीक अक्षरांची सवय आहे). शेवटी ठरलं, पान नको, धडा सांगायचा. मग सातवाच घेऊ. नम्रता वाचू लागली, ‘सोनुबाईंचं बियाणं’. सोनुबाई पदर सावरून बसल्या, आपल्या फोनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “माज्यात तर खताचं हाय.”

मंडळातला मोबाईल दुरुस्त करणारा नवीन (हे त्याचं नाव) पुढे झाला. त्याने फोन दोनदा बंद करून चालू केला. दोन्ही वेळा खतच निघालं.

“आजी, फोन जुना झालाय.”

“फोन सुनेचा हाय रं. जुनी मी झाले. सगळ्यांचे फोन हितं मांड.”

मामा, यानंतरची पंधरा मिनिटं मी जन्मभर सांगत राहीन. फोन सतरंजीवर ओळीने ठेवले, प्रत्येकावर फक्त मुखपृष्ठ. (देवेशच्या फोनवर पुलाव होता, तो बाजूला काढला.) नाव तेच, लेखक तोच. क्रमांकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी चित्रातल्या लोंब्या पाहून भाताचा वाण ओळखला. “ही रत्ना. ही झिनी. रत्नावाले इकडं बसा, झिनीवाले तिकडं.” तुम्हाला आठवत असेल (आठवतच असेल), प्रकाशनाच्या दिवशी भरल्या सभागृहात त्या उठून म्हणाल्या होत्या, की मुखपृष्ठावर झिनी म्हणून छापलेली लोंबी रत्नाची आहे. दुसऱ्या आवृत्तीत तुम्ही फोटो बदललात. तेव्हा रत्ना ती पहिली, झिनी ती दुसरी. रत्नावाल्यांकडे सातवा धडा होता, झिनीवाल्यांकडे नव्हता. फक्त नम्रताचा फोन कुठेच बसेना. वर झिनी, आत सोनुबाई. दुकानाने चित्र नवं लावलं होतं आणि विकत होतं जुनंच पुस्तक. मी गोंधळले. सोनुबाई नाही गोंधळल्या. गोणीवरचं नाव वाचून बियाणं घ्यायचं नाय, म्हणाल्या, मूठभर तळहातावर घ्यायचं. दुकानं पुस्तकाची सुरुवातीची पानं फुकट दाखवतात, तीच ती मूठ. तिच्यात अनुक्रमणिका असते, आवृत्तीही लिहिलेली असते. आम्ही तिन्ही दुकानांतली मूठ उघडून पाहिली आणि कुठे काय मिळतं ते पाच मिनिटांत कळलं. बारा वर्षं मी पुस्तकं ओळखते आहे. मला हे सुचलं नव्हतं.

नव्या प्रतीत लिहिलं होतं, ‘दुसरी, सुधारित आवृत्ती’. सोनुबाईच म्हणाल्या, “सुधारली म्हंजी मला काढली का गं?” आणि इतक्या हसल्या की आम्हालाही हसावं लागलं. मग त्यांनी आपला फोन पिशवीत ठेवला. “वाच गं नम्रता, तुज्याकडं हाय ना, वाच.” नम्रताने शेवटपर्यंत वाचलं. मामा, तुम्ही तो धडा फार सुंदर लिहिला आहे. ऐकताना त्या दोन ठिकाणी ‘बराबर’ म्हणाल्या. निघताना मला बजावलं, “आबाजीला कळवू नको. त्याचं पुस्तक हाय, त्याची मर्जी.”

म्हणून कळवत नाही. ही नुसती खुशाली समजा. मामींना नमस्कार.

तुमची,
हर्षला

ता. क. तुमच्या प्रकाशकांना सहज फोन केला होता (रागावू नका). ई-पुस्तकात धडा परत घालणं एका दुपारचं काम आहे, फक्त लेखकाचं पत्र हवं, असं म्हणाले. पत्र लिहून सोबत जोडलं आहे. खाली सहीची जागा सोडली आहे.

आणखी एक ता. क. तिसऱ्या आवृत्तीला ‘सुधारित’ म्हणायला हरकत नाही.

शेवटचा ता. क. तुम्हाला कळवू नको म्हणणाऱ्या सोनुबाईंनी घरी जाऊन सुनेकडून दुसऱ्या आवृत्तीखाली अभिप्राय लिहून घेतला आहे. “ह्यात सातवा धडा नाय. लेखक मानूस चांगला हाय, घालील.” पाचही तारे दिले आहेत. कालपर्यंत तो एकोणीस वाचकांना उपयुक्त वाटला आहे. मंडळात आम्ही अकराच आहोत.