तोडीचा नंबर

२८ सप्टेंबर १९९०

खंडेनवमी. कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा — बॉयलर, वजनकाटा, जीप, आणि यंदा पहिल्यांदाच आमच्या खोलीतला कॉम्प्युटर! मी पूजा करत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून बाजूला उभी होते. शेतकी अधिकारी बन्सीधरराव हळदीकुंकू घेऊन सरसावले. कीबोर्डवर कुंकू! तेवढं मी चालवून घेतलं. पण ते टेबलाच्या कडेवर नारळ फोडायला निघाले तेव्हा अशी किंचाळले की आरतीची घंटाच थांबली. "अहो राव, पाणी आत गेलं तर हंगाम कशावर चालवायचा?" शेवटी नारळ दाराबाहेर फुटला. खोबरं मात्र मी हक्कानं मागून घेतलं.

कागदावर मी नुसती ऑपरेटर. पुण्याचे सल्लागार आले, मशीन बसवून, जेवून गेले. त्यांचा प्रोग्राम पहिल्याच महिन्यात आडवा झाला. आता आत जे चालतं त्याची ओळन् ओळ माझी आहे. संचालक मंडळानं ठरवलंय — कुणाच्या उसाला कधी तोड, हे यंदा कॉम्प्युटर सांगणार. एम.डी. म्हणाले, "हंगाम तंट्याशिवाय पार पाडा, सिस्टीम ॲनालिस्टची जागा तुमची."

मला ती जागा पाहिजे. इथं तरी खोटं कशाला लिहू!

९ ऑक्टोबर

आठवडाभर मशीनला हात लावला नाही. गट ऑफिसात बसते, विचारत फिरते. बन्सीधररावांना विचारलं, तोडीचा क्रम कसा ठरतो? "लागवडीच्या तारखेवर." आणि खरा? ते हसले. "खरा फोनवर ठरतो, बाई."

पूर्वी वाटायचं, प्रोग्राम लिहिता आला की झालं. आता कळतंय, तो सगळ्यात सोपा भाग. घर बांधताना आधी दार कुठं, चूल कुठं हे ठरवावं लागतं, विटा नंतर. भिंतीवर मोठे कागद चिकटवलेत — नोंद, तोड, वजन. शिपाई म्हणतो, बाईंनी खोलीची शाळा केली.

१६ ऑक्टोबर

चेअरमन साहेब स्वतः आले. चपला बाहेर काढून! सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लय चांगलं हाय. फकस्त एक खिडकी ठिवा. एखाद्याचा नंबर पुढं घ्यायचा झाला तर घेता आला पायजे."

डोक्यात सणक गेली. पण बोलले, "ठेवते साहेब."

१७ ऑक्टोबर

सुचलं! खिडकी ठेवायची. पण तिच्यातून जो नंबर सरकेल, तो कुणाच्या सांगण्यावरून सरकला ते नाव यादीतच छापून येणार, आणि यादी रोज सकाळी गेटवरच्या फळ्यावर लागणार. नाही म्हणायची गरजच नाही. माझ्यासारखी मीच!

५ नोव्हेंबर

मोळी पडली, हंगाम सुरू. पहिली यादी फळ्यावर. ही गर्दी!

चेअरमन साहेबांचा फोन काल आलाच होता — मेव्हण्याचा ऊस वर घ्या. घेतला. खाली छापून आलं, 'क्रमात बदल, चेअरमन साहेबांच्या सांगण्यावरून.' एकानं मोठ्यानं वाचलं, बाकीच्यांनी पुन्हा वाचायला लावलं. दुपारी दुसरा फोन. "काढा ते, काढा. आमच्या पाव्हण्याला कुठं घाई हाय?" बन्सीधरराव फायलीत तोंड घालून हसत होते.

आज बाबा आले होते, पूर्णेहून पॅसेंजरनं. जन्मभर रेल्वेत गँगमन. फळ्यासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "सिग्नल लाल आसला की कलेक्टरची गाडी बी थांबती, चांगुणा. तसलंच केलंस तू." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला कुणी देणार नाही. लय बरं वाटलं. बाबा गेल्यावर खोलीत जाऊन थोडी रडले पण.

२ डिसेंबर

एकही बदल नाही. वशिल्याचे फोन बंद. सगळे फळा बघून गुपचूप घरी जातात.

१९ डिसेंबर

राणीसावरगावकडचे आश्रुबा धावत आले. वरच्या विजेच्या तारेची ठिणगी पडून ऊस जळाला. नंबर फेब्रुवारीत. जळका ऊस दोन दिवसांत गाळला नाही तर वाळून, आंबून वाया जातो. "ताई, पाया पडतो, वर घ्या." खिडकी उघडायला कुणीच तयार होईना — फळ्यावर नाव येतं ना! माझ्याच धाकानं सगळे गार. शेवटी माझं नाव घातलं.

२१ डिसेंबर

पण माझं तरी नाव का? चांगल्या सिस्टीमला कुणाच्या दयेची गरज पडू नये. नियमच आत घातला — जळिताचा पंचनामा आला की तो ऊस दुसऱ्या सकाळी आपोआप वर. जळक्या उसाच्या भावात कपात असते, त्यामुळे खोटं कुणी बोलणार नाही. बन्सीधररावांनी मान डोलावली. चेअरमन साहेबांनी तर बैठकीत वाचून दाखवलं! टाळ्या.

पुण्याच्या माणसाला हे सुचलं नसतं. त्याला ऊस जळतो हेच माहीत नव्हतं.

१५ जानेवारी १९९१

आश्रुबा हरभऱ्याचा ढाळा घेऊन आले. "तुमच्या मशिनीनं वाचिवलं." खोलीभर टरफलं झाली. आज कुणाला ओरडले नाही.

२० फेब्रुवारी

हंगाम संपायच्या आधीच ऑर्डर हातात! सिस्टीम ॲनालिस्ट. अजून शाईचा वास येतोय.

बाबांनी पूर्णेत वस्तीभर पेढे वाटले. ज्याला त्याला सांगतात, "लेक अनॅलिस झाली." म्हणजे काय हे कुणी विचारलं तर, "ती ठरिवती, मशीन ऐकती." ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आमच्या गल्लीतल्या पोरांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच विद्यापीठाची डिग्री घेऊन मी आज इथं बसलेय. मोठमोठ्या बागायतदारांच्या उसाचा क्रम माझ्या खोलीतून निघतो आणि एकाची हिंमत होत नाही वाकडं बोलायची. गर्व नको म्हणतात. का नको? आज आहे मला गर्व. असू दे.

शेजारच्या कारखान्याचे लोकही बघायला येणार आहेत.

६ मार्च

ऊन तापलंय. ऊस यंदा सगळीकडे उदंड. विहिरी तळाला गेल्यात आणि उभा ऊस वाळतोय. रोज लोक फळ्यावर बोट फिरवून जातात — एप्रिल, मे. जळीतं वाढलीत. आज चार पंचनामे. तारा जुन्या, वारा सुटलेला, होणारच. नियम घातला म्हणून बरं! नाहीतर या चौघांचं काय झालं असतं?

११ मार्च

आज नऊ.

नऊच्या नऊ जणांचे नंबर मेमधले. बन्सीधररावांना विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऊन लय हाय, बाई." मी म्हटलं, उद्या जीपमध्ये मी येते.

१२ मार्च

आजच्या पंचनाम्यासाठी चतुराबाईंच्या बांधावर गेलो. एकट्या आहेत, मुलगा गेल्या साली वारला. निम्मा ऊस काळा, निम्म्यातून धूर. तिथं वरून तारच गेलेली नाही. त्यांच्या हाताला फोड आले होते. मी विचारलं, कशानं पेटला? लपवाछपवी काही नाही. "काडी म्याच वढली. निम्मा भाव तर निम्मा. नंबर यीस्तोवर चिपाडं झाली आसती. वशिल्याची वाट बंद केली तुमी, लय चांगलं केलं. मंग गरिबाला येवढीच वाट राह्यली ना."

मग माझी बाही धरून म्हणाल्या, "उद्या नक्की वर यील ना बाई?"

येईल, मी म्हणाले.

लांब आणखी दोन ठिकाणी धूर दिसत होता.