वरच्या खोल्या, तुझ्या मैत्रिणीसाठी

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू घाईघाईत चार प्रश्न विचारलेस आणि मी तोंड उघडायच्या आत, कुणीतरी आलं म्हणून ठेवूनही दिलास. ऑफिसातल्या मैत्रिणीला राहतं घर सोडायचंय, एकटीसाठी खोली हवीय आणि घरमालक काय काय विचारतात ते तिला ठाऊक नाही, म्हणून म्हटलं घरमालकिणीलाच विचारावं, असं म्हणालीस. मला फोनवर धड सुचत नाही. शिवाय तुझ्या मागे कोण उभं असतं तेही कळत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर.

आधी इकडची खबर. आपल्या वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. ते दातांचे डॉक्टर नवराबायको स्वतःच्या घरी गेले. माणसं सोन्यासारखी, पण भिंतींना खिळे इतके ठोकलेले की तुझे बाबा पक्कड घेऊन दिवसभर वरच होते. आता नेहमीप्रमाणे मी बिऱ्हाड घेऊन वर आलेय. भाडेकरू यायच्या आधी आपण स्वतः राहून बघायचं, हा आपल्या घरचा नेम तुला माहीतच आहे. मी भाडेकरू आणि तुझे बाबा मालक. मी जिना उतरून तक्रार घेऊन जाते, ते पेपरातून डोकं न काढता "बघतो, सांगतो" म्हणतात. मोरीत पाणी तुंबतं हे तिसऱ्यांदा सांगायला गेले तेव्हाही तेच उत्तर, आणि मला खरोखरचा राग आला. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही. दुपारी मुकाट्यानं मोरी साफ करून गेले. दाराची आतली कडी ढिली होती, तीही बदलून घेतली. एकट्या बाईला कडी घट्ट लागते.

तर तुझ्या मैत्रिणीचे प्रश्न. एकटीला खोली देतात का? देतात, पण आधी तोंडं वाकडी करतात. आपला एजंटसुद्धा फॅमिली बघा, फॅमिली बघा असा धोशा लावतो. तिला म्हणावं, नोकरी कुठे ते सांग आणि गप्प बस. आपण होऊन कहाणी सांगत बसू नकोस, समोरचा त्यातून हजार शंका काढतो. नवऱ्याची सही लागते का? मुळीच नाही. करार तिच्या नावाचा, ओळखपत्र तिचं, सही तिची. कुणी मागितलीच, तर सरळ पर्स उचलून चालू पडावं. मध्येच सोडावंसं वाटलं तर? किती दिवस आधी कळवायचं ते करारात लिहून घ्यावं. अनामत बँकेतून द्यावी, हातात नाही. आणि सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा फोटो काढून ठेवावा. मी स्वतः मालकीण असून सांगतेय, मालकांवर फार विश्वास ठेवू नये.

चौथा प्रश्न तू अगदी हळू विचारलास. मालक त्याला हवं तेव्हा घरात येऊ शकतो का, आणि त्याच्याकडे किल्ली असते का. नाही गं. भाडं भरलं की दार तिचं. मालकानं आधी विचारायचं, ठरल्या वेळी बेल वाजवायची, आणि तिनं नाही उघडलं तर आल्या पावली परत फिरायचं. कुलूप तिनं नवं लावावं आणि सगळ्या किल्ल्या स्वतःकडे ठेवाव्यात. तो प्रश्न ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. स्वतःच्याच घरात कोण केव्हा आत येईल याची धास्ती घेऊन पोर किती दिवस राहिली असेल, हेच मनात येतं.

तू विचारलं नाहीस तेही सांगते. तिच्यामागे कुणी तावातावानं आलंच, तर जिना आपल्या पुढच्या खोलीतून लख्ख दिसतो. तुझ्या बाबांना दाराशी खुर्ची टाकून बसायला निमित्त लागत नाही. आणि कोपऱ्यावरून तुमच्या ऑफिसला थेट बस जाते.

एजंटानं काल बँकेतलं एक जोडपं आणलं होतं. घर बघताक्षणी आवडलं त्यांना, करार उद्याच करू म्हणाले. तुझ्या बाबांनी मला न विचारता सांगून टाकलं, खोल्या दिल्या आहेत. एरवी खोली आठवडाभर रिकामी राहिली तर जेवण न जाणारा हा माणूस. मैत्रिणीला उपकार वाटायला नकोत म्हणून स्पष्ट लिहिते, भाडं आम्ही घेणार, अगदी रीतसर. फुकट राहणाऱ्याला तक्रार करता येत नाही, आणि मला भांडणारी भाडेकरू हवी आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझ्या बाबांपाशी मी फक्त तुझी मैत्रीण एवढंच म्हटलं होतं, त्यापुढे एक अक्षर नाही. त्यांनीही विचारलं नाही. आज सकाळी ते वर आले आणि मोरीबाहेर नवा आरसा लावून गेले. मी बघायला गेले तर त्यात माझं नुसतं कपाळ दिसलं. जरा खाली घ्या म्हटलं, तर म्हणाले, बरोबर लागलाय, राहू दे. आणि पक्कड घेऊन खाली निघून गेले. एवढी उंच बाई आम्हा दोघांच्या ओळखीत एकच आहे, ठमे. मैत्रिणीचं नाव आम्ही विचारणार नाही, तूही सांगू नकोस. तू ये फक्त.

तुझीच,
आई