जिवंत दगडाची आंघोळ

कोल्हापूर,
१२ मे २००५

ति. आक्का हिस,

धाकट्या शिवलीलाचे शरणार्थ. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? वेंगुर्ल्याला बदली होऊन दोन वर्षं झाली तरी शेजारच्या अंगणातल्या सुक्या बांगड्यांचा वास तुला सोसत नाही, असं तू लिहिलं होतंस. ते वाचून मी हसले होते, आक्का. त्याची शिक्षा म्हणून समुद्रच आमच्या सोप्यात येऊन बसला आहे.

झालं असं, की आमच्या ह्यांनी मुंबईत कुणा मित्राच्या घरी समुद्राच्या पाण्याची काचेची पेटी पाहिली. परत आले ते सहा फुटांचं माप घेऊनच. दिवाण गेला, पेटी आली. तिला घरातलं मीठ चालत नाही, मुंबईहून बादल्या भरून वेगळं येतं. सकाळी उठून हे आधी पाण्याचा खारटपणा तपासतात, मग माझ्या आमटीचा. (पाण्याबद्दल तक्रार कधीच नसते.) आणि पाणी तयार झालं म्हणून मासे लगेच सोडायचे नसतात, पाणी मुरावं लागतं. सहा आठवडे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसतं पाणी आणि दगड दाखवत होतो. शेजारचे बाळासो रोज येऊन बघायचे. "वहिनी, पाणीच बघायचं तर रंकाळ्यावर जावा की, फुकट हाय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "एवढं मीठ घातलंयसा, आता तिखट कवा घालायचं?" ह्यांनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

शेवटी नारिंगी जोकर माशांची जोडी आली. माशांना घरात घेणार नाही म्हणून सासूबाई आधी रुसून बसल्या होत्या. (त्यांचं कसं, हे तुला सांगायला नको. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानात अंडं दिसलं तरी उठतात.) पण मासा काचेपाशी आला आणि त्यांना त्याच्या अंगावरचे मोजून तीन पांढरे पट्टे दिसले. "अगं बाई, ह्येंनी इभूत लावलीया की!" झालं. त्या घटकेपासून मासे आपल्यातले झाले. आपल्यातले असून कोळंबी खातात आणि ती आमच्या फ्रीजमध्ये मटारांच्या मागे असते, हे त्यांना अजून माहीत नाही. माहीत नसेल अशी मी आशा करते.

आता खरं संकट. मागच्या महिन्यात मुंबईहून एक मोठा दगड आला. ह्यांनी तो न्हाणीघरात खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवला आणि बजावलं, "हा दगड जिवंत आहे. जपा." म्हणजे त्याच्या भोकाभोकांत बारीक जीव राहतात, ते पेटीचं पाणी शुद्ध ठेवतात, आणि नळाचं गोडं पाणी लागलं की मरतात. हे पुढचं सगळं त्यांनी सांगितलं तेव्हा आम्ही ऐकत होतो की नव्हतो, देव जाणे. संध्याकाळी हे पॉलिटेक्निकमधून आले, तर दगड अंगणात पाटावर! स्वच्छ घासलेला, कोरडा, वर भस्माचे पट्टे आणि बेलाचं पान. "कुणी धुतला?" सासूबाई म्हणाल्या, "मी. जित्ता देव घरात आला, त्याला आंघूळ घालायची न्हाय व्हय?"

थोडा जीव उरला असेल या आशेने ह्यांनी दगड पेटीत ठेवला, आणि तिथेच चूक झाली. मेलेलं सगळं कुजलं. तिसऱ्या दिवशी पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ झालं, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. ह्यांनी न्हाणीघराच्या दारावर पाटी लावली : 'अव्वाने दगडाला हात लावू नये.' चार दिवस मुलगा आईशी बोलला नाही. सासूबाईंनी पिशवी भरली आणि मला म्हणाल्या, "मला नेसरीला लेकीकडं सोड. माझ्या हातानं जीव ग्येलं." त्या दोन दिवस धड जेवल्याही नव्हत्या.

अबोल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी हे कॉलेजात, सासूबाई पिशवी घेऊन दारात, आणि लोडशेडिंग. पंप बंद. पाणी हललं नाही तर माशांना श्वास मिळत नाही. मी पुठ्ठ्याने वारा घालू लागले. (हसू नकोस.) सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, तांब्या घेतला (स्टीलचा, तांब्याचा तांब्या त्या पाण्यात विषासारखा), स्टुलावर उभ्या राहिल्या आणि पेटीतलंच पाणी उचलून उंचावरून धार धरली. तोंडाने ओम नमः शिवाय. चार तास! मध्ये मी हात बदलते म्हटलं तर, "तुझी धार तुटंल." ह्यांनी येऊन पाहिलं, तर आई अभिषेक करतेय आणि दोन्ही मासे धारेखाली पोहतायत. बोलले एवढंच, "अव्वा, खाली उतर. पडशील." आणि हात धरून त्यांना उतरवलं. पिशवी मीच रिकामी केली.

पाणी आता निवळलं आहे. दाजींना नमस्कार.

तुझी,
लीला

ता. क. : महिनाअखेरीस आम्ही तिघं आठ दिवस तुझ्याकडे आलो तर चालेल का? सासूबाईंनी समुद्र पाहिलेला नाही. पेटी बाळासो बघतील. तिखट घालणार नाही म्हणून त्यांनी शपथ घेतली आहे.

ता. क. २ : पुढचं फक्त तू वाच. दगड मी धुतला. संध्याकाळी भजनी मंडळाच्या बायका यायच्या होत्या आणि न्हाणीघराला तुझ्या गल्लीचा वास येत होता. नळाखाली धरून काथ्याने चांगला घासला. सासूबाईंनी नुसतं भस्म लावलं. ह्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि 'मी' म्हणाल्या. मी गप्प राहिले. पाटी अजून तशीच आहे, आणि तिच्यावर नाव चुकीचं आहे. तुझ्या घरी हे आवाज चढवत नाहीत, म्हणून तिथे सांगायचं ठरवलं आहे. बोलावशील ना?

ता. क. ३ : पाकीट बंद करण्याआधी सासूबाईंना कोळंबी वगळून सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "दुसरं खोडून टाक." मी खोडलेलं नाही. तुला एक विचारायला सांगितलंय : तिकडं लाइट ग्येल्यावर एवढं पाणी कोण हलवतं?