एका मोरपिशी साडीचा सरकारी भाव

उधना, सुरत
एप्रिल १९७३

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या भावाचा, म्हणजे शालिग्रामचा, वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि अमळनेरचा नळ या तिघांची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव. (नळाचं आधी कळव. यंदाच्या दुष्काळात गुडघे आणि खोकला थांबू शकतात.) मी इथे अत्यंत मजेत आहे. खोली हवेशीर आहे, कारण छपराचा एक पत्रा उडालाय. जेवण मंगलाबाईंच्या खाणावळीत. बाई आपल्या शिरपूरकडच्या, कळण्याची भाकरी अशी करतात की विचारू नकोस. फक्त वाढताना रोज "भाऊ, वहिनीले कव्हय लई येशात?" म्हणून, म्हणजे वहिनीला कधी आणणार ते, विचारतात आणि मग मी घाईने आणखी एक भाकरी मागतो. खोलीमागून भुसावळकडे जाणारी गाडी जाते. तिच्यावर मी घड्याळ लावतो. (गाडी कधी वेळेवर नसते, त्यामुळे घड्याळही नसतं.) ती तुमच्या अमळनेरला थांबते, हे माझ्या ध्यानातसुद्धा येत नाही.

तर मुद्द्याचं. माझी जळगावला बदली झाली का, असं दाजींनी विचारलं होतं. विजयाची शाळेतली नोकरी अमळनेरला, तेव्हा जळगाव मिळालं असतं तर तिथून रोज जाऊन-येऊन नोकरी केली असती आणि मी व विजया लग्न झालेल्या माणसांसारखे एका घरात राहिलो असतो. नाही झाली. का नाही झाली ते सांगतो, पण तू "तुझंच चुकलं" असं म्हणायचं नाही. माझं काही चुकलेलं नाही. चुकलं असेल तर आईचं, आणि ती बिचारी आता नाही, तेव्हा विषय संपला.

माझी नोकरी नक्की काय आहे हे अजून तुमच्या घरात कोणाला कळलेलं नाही. (दाजी लोकांना सांगतात, मेहुणा सरकारात भाव खातो.) अगं, मी भाव खात नाही, गोळा करतो. दर महिन्याला ठरलेल्या कारखान्यांत जायचं, ठरलेला एकच माल बघायचा आणि तो कारखान्याच्या दारातून किती भावाने बाहेर पडतो ते टिपून मुंबईला पाठवायचं. देशभर माझ्यासारखे लोक साबण, कुलपं, रंग, काच, कापड असं सगळं विचारत हिंडतात, मग वर कुणीतरी त्या सगळ्यांची भेळ करून एक आकडा काढतो. देशात महागाई किती वाढली तो हा आकडा. आणि वाढलीय म्हणजे काय, उधळलीय! साडीवाल्याला विचारलं का वाढवला भाव, तर म्हणतो सूत महागलं. सूतवाला म्हणतो रसायन महागलं. रसायनवाला कोळशावर ढकलतो. कोळशाच्या वखारीतला म्हणतो, साहेब, आम्हालाही बायका आहेत, साड्या केवढ्याला झाल्यात बघा! म्हणजे फिरून मी साडीवाल्याच्याच दारात.

त्या साडीवाल्याचं नाव ठाकोरभाई. नकली रेशमाचे माग आहेत त्यांचे, इथे उधन्यातच. माणूस देव आहे. गेल्याबरोबर चहा, चहाबरोबर फाफडा, आणि मग ठरलेला माल समोर. आमचा नियम असा की एकदा जो माल नेमला तोच दर महिन्याला बघायचा, रंग-काठसुद्धा बदलायचा नाही. माझ्या आधीच्या माणसाने नेमून ठेवली होती मोरपिशी साडी, बारीक जरीच्या काठाची. अक्का, विजयाला मोरपिशी रंग काय दिसतो तुला माहीत आहे. तुझ्याच नणंदेच्या लग्नात ती मागून आणलेली मोरपिशी नेसली होती आणि मी पंगतीत दोनदा मठ्ठा सांडला होता. आता ही साडी दर महिन्याला माझ्यापुढे उलगडायची, मी पदरावरून हात फिरवायचा आणि कोरडेपणाने विचारायचं, काय भाव? दगडाला जमणार नाही हे.

पहिल्या खेपेला ठाकोरभाईंनी भाव सांगितला आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "काहीतरी कमी करा की." यात माझा काय दोष? आईने आपल्याला बाजारात कशी शिकवण दिली होती आठव. पहिल्या शब्दाला पिशवी उघडायची नाही, नाक मुरडायचं, दोन पावलं चालू पडायचं. मी नाक मुरडलं. ठाकोरभाईंनी कमी केला. जो भाव ठरला तो मी इमानदारीने टिपला, चहा प्यायलो आणि निघालो. (घेतली नाही, कारण आणखी कमी होईल असं वाटलं.) पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात मी दारापर्यंत चालू पडलो. रंगाच्या कारखान्यात किंवा कुलपाच्या कारखान्यात मी कधी घासाघीस केली नाही हे लक्षात घे. मला तिथलं काही नको होतं.

झालं असं, की साऱ्या देशात सगळ्या जिनसांचे भाव वर चाललेले आणि सुरतेची मोरपिशी साडी एकटी खाली उतरत चाललेली. मुंबईहून विचारणा आली, कारण कळवा. मी कळवलं, "स्थानिक चुरस." हे कुणाला तरी इतकं आवडलं की आमच्या मासिक पत्रकात छापून आलं, नकली रेशमाच्या धंद्यात भावांचा कल समाधानकारक आहे म्हणून. मी ते कात्रण खोलीत लावलंय. (उडालेल्या पत्र्याखालीच, त्यामुळे आता शाई पसरलीय.) मग मात्र मुंबईचे मोठे साहेब स्वतः आले. हे समाधान कसं काय होतंय ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांच्या बॅगेत माझा जळगावचा अर्ज होता, सहीपुरता थांबलेला. हे त्यांनीच स्टेशनवर सांगितलं. मी त्यांची वळकटी स्वतः उचलली.

ठाकोरभाईंकडे चहा-फाफडा झाला. साहेबांनी विचारलं, सूत चढतंय, मजुरी चढतेय, मग तुमचा भाव का उतरतोय? ठाकोरभाईंनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मी फाफड्याची बशी पुढे ओढली. म्हणाले, उतरतोय कुठे? बाजाराला मी चढ्या भावानेच विकतो. पण हे तुमचे भाऊ दर महिन्याला येतात, ही एकच साडी उघडतात, पदर हातात घेऊन बसतात, कमी करा म्हणतात. घरवाळी तिकडे गावी, हे इकडे एकटे. मला दया येते, मी उतरवतो. तर हे चहा पितात, कागदावर काहीतरी लिहितात आणि न घेताच जातात! घ्यायची तर घेऊन टाका ना, असं मीच किती वेळा म्हटलं, "साहेब, लेवी होय तो लई लो ने!"

अक्का, धरणीने पोटात घ्यावं असं झालं. साहेबांनी ती साडी मागवून पदर बघितला. मग ठाकोरभाईंना म्हणाले, याच भावाने मला दोन द्या. घेतल्या, बांधून घेतल्या, आणि मग मला बाहेर नेऊन सांगितलं की तुम्हाला जळगावला पाठवलं तर तुम्ही सोन्याचा भाव पाडाल. सगळे मागचे भाव नव्याने गोळा करून दुरुस्त करा, बदलीचं पुढच्या वर्षी बघू. अर्ज बॅगेतून काढून माझ्याच हातात दिला. वळकटी परतीच्या वेळीही मीच उचलली.

तर असं आहे. मला फारसं वाईट वाटलेलं नाही. संध्याकाळी तापीवर जाऊन बसलो एवढंच. पाणी तुमच्याकडून येतं, तेवढं बघत बसायला बरं वाटतं. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शालिग्राम

ता. क. इथल्या मराठी शाळेत जूनपासून एक मास्तरीण हवी आहे असं कानावर आलं. मला त्यात काही रस नाही. तुझ्या बोलण्यात सहज निघालं तर विजयाला सांग, पण मी सांगितलं असं सांगू नकोस. निघताना अमळनेरच्या फलाटावर ती "मी पण येते" म्हणाली होती, तेव्हा मीच "कायमची नोकरी सोडू नकोस" म्हणून मोठा शहाणपणा केला. आता कार्डावर कसं लिहू? तिचं कार्ड इथे पोस्टमन वाचतो, मंगलाबाई वाचून घेतात, मग माझ्या हाती येतं. म्हणून आम्ही दोघं नुसतं डाळ-तांदळाचं लिहितो.

ता. क. २. साडी घेतली. भाव दुरुस्त झाल्यावर गेलो, तेव्हा ठाकोरभाई बाजाराचा चढा भाव सांगून म्हणाले, आता सरकारी भाव हाच, तुम्हीच लिहिलाय. मी नाक मुरडलं नाही, एक शब्द बोललो नाही. पेटीत आहे. पार्सलने पाठव म्हणशील तर पाठवणार नाही. तिला म्हणावं, इथे येऊन नेस.

ता. क. ३. वर "अत्यंत मजेत आहे" असं लिहिलंय ते खोडून वाच. तिला स्वच्छ विचार, जूनपासून कायमची येतेस का? नाही म्हणाली तर मे महिन्याची सगळी सुट्टी तरी. तेही जमत नसेल तर पंधरा दिवस. अगदीच ओढाताण असेल तर आठ दिवस, आणि हे शेवटचं सांगतोय अक्का, याच्या खाली मला परवडत नाही.