शिजताना आच बंद केली तर चालते

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा थांबलेलं! सकाळी कामावर जाताना दादाच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम तयार करायला लावून गेले होते. आल्यावर बघते तर एकतीस टक्क्यांवर बंद. शेवटच्या ओळीत चालू काम थांबवणाऱ्या कंट्रोल-सीची खूण. म्हणजे वीज गेली नव्हती, यंत्रही तापलं नव्हतं – कोणीतरी दोन बटणं एकदम दाबली.

वहिनी म्हणाली, "पुसताना लागलं असेल गं." दोन बटणं, एकदम, पुसताना! मी काय काल जन्मले?

घरात माणसं तीन. दादा पलंगावर, यंत्राशेजारीच – झटका आल्यापासून वाचा गेली, हातपाय गेले. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. मग उरलं कोण?

४ फेब्रुवारी

हा प्रोग्राम बसला की दादा नजरेने पडद्यावरची अक्षरं निवडणार आणि यंत्र ती बोलून दाखवणार. त्याच्या यंत्रावरच्या जुन्या लिनक्स प्रणालीसाठी तो आयता मिळत नाही. मूळ कोड आणून इथेच कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राला चालवता येईल असा बनवून घ्यायचा, आणि या म्हाताऱ्या यंत्राला त्याला दहा तास लागतात. तीन महिने झाले त्याचा शब्द ऐकून. मला त्याचं बोलणं हवंय, बस.

वहिनीला मात्र ते नकोय. परवा सहज बोलून गेली, "बोलायला लागले की पहिलं काय म्हणतील, भीतीच वाटते." झटका आला त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. चोराच्या मनात चांदणं!

५ फेब्रुवारी

आज सत्तेचाळीस टक्के. खूण तीच. खालच्या ओळीत दोनदा 'एम'. फडक्याचे प्रताप! खोडून टाकलं.

६ फेब्रुवारी

दादालाच विचारलं. "वहिनी थांबवते का?" पापणी दोनदा. "कोण थांबवतं ते माहीत आहे?" एकदा. आणि मग डोळे मिटूनच घेतले. बायकोला पाठीशी घालतोय, दुसरं काय.

वहिनी रोज दुपारी त्याचे दोन्ही हात उचलून कीबोर्डवर ठेवते. म्हणते, "आयुष्यभर तिथेच होते, सवय राहू दे." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, बोटांची आशा धरू नका. तरी हिचं चालूच. की कीबोर्डजवळ जायला तेवढंच निमित्त?

७ फेब्रुवारी

दादानेच मला हे शिकवलं होतं. "शिजताना आच बंद केली तर चालते गं, वाढताना ताट ओढायचं नाही." कंपाइल चालू असताना कंट्रोल-सी दाबलं तर काही बिघडत नाही. सगळं त्या एका फोल्डरमध्येच असतं, पुन्हा 'मेक' हा हुकूम लिहिला की राहिलं तिथून पुढे. पण इन्स्टॉल सुरू झालं, फायली सगळीकडे जाऊन बसायला लागल्या, की मध्येच तोडायचं नाही. अर्धं नवं, अर्धं जुनं होऊन बसतं.

हे सगळं कळतं, पण मन धजत नाही. वहिनीने हात लावलेल्यावर पुढे चढवायचं? काय करून ठेवलं असेल कोण जाणे! म्हणून मी रोज फोल्डर पुसते आणि पहिल्यापासून सुरू करते. म्हणूनच संपत नाही.

आज ओळीत 'एम ए ए के'. खोडलं, आणि वहिनीला तोंडावर बोलले – "तुला त्याचं तोंड बंदच ठेवायचंय!" ती भांडी घासत राहिली. पाठ माझ्याकडे. म्हणजे खरंच असणार.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपार

वहिनीला मुद्दाम बरोबर घेऊन औषधाच्या दुकानात गेले. नजरेआड होऊ द्यायची नाही! निघताना तिने त्याचे हात कीबोर्डवर ठेवले, मी नव्याने 'मेक' सुरू केलं. दार मीच बाहेरून लावलं. अर्ध्या तासाने मीच उघडलं.

काम चालू होतं. वर तीन टक्क्यांवर कंट्रोल-सीची खूण. तिच्याखाली चार इंग्रजी अक्षरं, न चुकता – एम ए के ई, 'मेक'. आणि तिथून पुढे चार टक्क्यांपर्यंत आलेलं.

इतके दिवस "कोण?" म्हणून विचारत होते. "तू?" एवढं विचारलं नव्हतं. आज विचारलं. पापणी एकदा मिटली.

वहिनी त्याची बोटं धरून रडतेय. तिच्याकडे बघायचं मला धाडस होत नाही. दादा काम थांबवून बोटांनी बोलत होता, आणि मी रोज घरी येऊन ते खोडत होते.