साहेबाच्या कोटाची बटणं

तलवाडा,
१४ जानेवारी

प्रिय धोंडीराम,

तू रोहिणीकडे युसूफ वडगावला आहेस असं कळलं. लेकीच्या हातचे दोन घास जात असतील ना? इकडे हुरडा आलाय. चौथीत एका बाकावर बसून आपण कविता म्हणायचो, ती चाल परवा नुसतीच ओठांवर आली. शब्द आले नाहीत.

गढीतला तो फोटो तुला ठाऊक आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा, निजामाच्या चाकरीतला गोरा साहेब. किडे, दगड जमवायचा छंद. पडक्या कमानीपुढे भिंग घेऊन ऐटीत बसलाय आणि कमानीच्या उजवीकडे बारवेच्या पायऱ्या. बारव कधीच बुजली, पण जुन्या कागदात तुझ्या नि शेजारच्या अमरसिंहाच्या रानाची हद्द तीच. म्हणून ग्रामसभेत मी फोटो दाखवून सांगितलं, "बारव उजवीकडे. म्हणजे तिथपर्यंत रान अमरसिंहाचं." टाळ्या पडल्या. अमरसिंहाने माझ्या खांद्यावर शाल पांघरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सुंदरबाईने फोटो हातात घेतला. तिची सारी हयात शिलाईत गेली. म्हणाली, "अगं बया! ह्या साहेबाची बटणं बायकांवानी डाव्या अंगाला कावून?"

मी हसलो. मग फोटो पुन्हा निरखून पाहिला. निगेटिव्हची काच उलटी धरून फोटो छापला होता. डावं ते उजवं झालेलं. बारव डावीकडे होती, धोंडीराम. रान तुझंच होतं.

त्याच सकाळी मी तुझ्या रानात धावत आलतो, हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. पण का आलतो, ते मी कुणालाच सांगितलं नाही. जेसीबी तुझ्या उभ्या ज्वारीत शिरला होता. तुझा लेक बजरंग आडवा उभा. एकाने त्याच्या गुडघ्यावर पाइप हाणला. तो पडला, तसाच रांगत पुन्हा चाकापुढे आला. अमरसिंह कुऱ्हाड घेऊन ओरडला, "गुरुजी, सांगा ह्याला, बारव कुठं हाय?"

बजरंग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, सांगा की खरं!"

सगळा गाव बघत होता. चाळीस वर्षांत 'गुरुजी चुकले' असं कुणी म्हटलं नव्हतं.

मी म्हणालो, "उजवीकडं."

पहिला घाव खांद्यावर बसला. हात कातड्याला लोंबकळला. दुसरा मानेवर. रक्ताची चिळकांडी माझ्या धोतरापर्यंत आली.

सोमवारी बीडच्या कोर्टात हे सगळं सांगणार आहे. अमरसिंहाची माणसं काल बजावून गेली, "गुरुजी, बीडच्या वाटेला लई वळणं हायती." असू देत.

जबानी झाली की केजची गाडी धरून तुझ्या दारात येईन. रोहिणीला आत बसव. तुझ्या हातात काय असेल ते असू दे, मी हात वर करणार नाही.

तुझा, अजून तरी,
मोहन