मोटारीला इंटरनेट

लातूर, मंगळवार, दिवेलागण

आज जीव थंड झाला.

खाली आम्ही, वर धाकटी जाऊ शीतल. नळ मात्र दोघींत एकच, तोही आठवड्यातून एकदा येणारा. दिवाळीत शीतलनं पाण्याच्या मोटारीला इंटरनेटचा स्विच बसवला. गल्लीच्या ग्रुपवर नळ आल्याचं कळलं की शाळेत फळ्यापुढं उभी राहून फोनवरून मोटार चालू करते. सगळं पाणी वर. मला करंगळीएवढी धार.

मागच्या मंगळवारी लाल बादलीभर पाणी आणून ठेवलं माझ्यापुढं. "घ्या अक्का, तुमची अडचण नको." एक बादली! सहा माणसांत!

ती बादली मी परत केली नाही. घासून ठेवली.

मोटारीला इंटरनेट लागतंच कशाला? हातानं बटन दाबलं तर बोट झिजतं का? आणि ते इंटरनेट तरी कुणाचं? माझ्याच वायफायचं. पासवर्ड मीच दिला होता, लाडानं.

आज अकराला नळ आला. आधी वायफायचा प्लग उपटला. मग निवांत हंडे, पिंप, टाकी, अगदी चहाची पातेलीसुद्धा भरली. वाईट वागले का? असेल. भरताना गाणं मात्र म्हणत होते.

आत्ता शीतल खाली आली होती. "अक्का, नेट गेलतं का हो? टाकीत थेंब न्हाई."

"हाव, गेलतं," म्हणलं, आणि तीच लाल बादली काठोकाठ भरून तिच्या हातात दिली.

"बादली परत आणून ठेव हं. पुढच्या मंगळवारी पुन्हा भरून देते."